समुद्रावरून आलेली कील: नागपुरातील एका दुरुस्तीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सुमारे वीस फुटी, फायबरग्लासच्या एका शिडाच्या होडीचे आहे. ती १९८० च्या दशकात बांधलेली होती आणि तिचे आधीचे सगळे आयुष्य मुंबईच्या खाऱ्या पाण्यात गेले होते. नागपूरच्या तीन मित्रांनी ती स्वस्तात मिळाली म्हणून घेतली. तिघेही साठीच्या आसपासचे असून त्यांपैकी एकाने तरुणपणी मुंबईत शीड हाताळलेले होते. ट्रेलरसकट ती ट्रकवर चढवून इथे आणली गेली आणि शहराजवळच्या एका जलाशयात रीतसर परवानगी घेऊन ती चालवायचे ठरले. तोवर होडी वाडीजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली होती. मालकांची ओळख पटू नये म्हणून त्यांचा आणि कामात सहभागी झालेल्या इतरांचा उल्लेख मी केवळ भूमिकेने केला आहे. माझा स्वतःचा संबंध पहिला प्रयत्न फसल्यानंतर आला. टाक्या आणि पाइपलाइन यांच्या गंजरोधक रंगकामाची तपासणी हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय होता.

कील म्हणजे होडीच्या तळाखाली पाण्यात उतरणारे जड पाते. या होडीची कील बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, आणि वर उचलता येणारी आहे. पुढच्या टोकाशी असलेल्या एका पिनेवर ती फिरते, आणि हातरहाटाला जोडलेल्या तारेने ती होडीच्या पोटातल्या अरुंद पेटीत ओढून घेता येते. ट्रेलरवरून पाण्यात उतरवायच्या होडीला ही रचना सोयीची असते. वारा शिडावर रेटत असताना होडी कलंडू नये, यासाठी लागणारे वजन आणि ती आडवी घसरत जाऊ नये, यासाठी लागणारा पाण्यातला विरोध, ही दोन्ही कामे ही एकच वस्तू करते. धरमकाट्यावर तिचे वजन १९० किलो भरले, पण तो काटा दहा-दहा किलोंच्या टप्प्याने आकडे दाखवतो, त्यामुळे या आकड्यावर फार विसंबता येत नाही.

समस्या

होडी आली तेव्हा कीलवर जुन्या रंगाचे थरावर थर होते आणि जागोजागी गंजाचे पापुद्रे सुटले होते. एप्रिल महिना चालू होता आणि पावसाळ्याआधी होडी पाण्यात उतरावी अशी मालकांची घाई होती. त्यांनी ओळखीच्या, लोखंडी गेट आणि ग्रिल रंगवणाऱ्या कारागिराला बोलावले. त्याने ग्रायंडरला तारांचा ब्रश लावून पापुद्रे काढले, रेड ऑक्साइडचे दोन हात मारले आणि त्यावर गडद निळा इनॅमल चढवला. होडी ट्रेलरवरच राहू देऊन, पेटीबाहेर जेवढी कील दिसत होती तेवढीच रंगवली गेली. काम दोन दिवसांत आटोपले आणि मेअखेरपर्यंत ते उत्तम दिसत होते. परवानगीचे कागद मात्र लांबले आणि होडी शेडमध्येच राहिली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात निळ्या रंगावर हरभऱ्याएवढे फोड आले. त्यांतला एक फोड नखाने फोडला, तर आतून पिवळसर तपकिरी पाणी ओघळले आणि खालचे लोखंड काळे, ओले दिसले. रंगकामानंतर होडीचा तोवर कुठल्याही पाण्याशी संबंध आलेला नव्हता, हे इथे महत्त्वाचे आहे. मालकांचा पहिला संशय अर्थातच रंगावर आणि कारागिरावर गेला. कारागीर येऊन बघून गेला आणि म्हणाला, “साहेब, रंग खराब नाही. लोखंडच घामेजून राहिलं.” त्याचे हे निदान माझ्या मते पहिल्या दोन महिन्यांत कोणीही केलेल्या विधानांपैकी सर्वांत अचूक होते, त्याला फक्त कारण ठाऊक नव्हते.

कारण मीठ होते. समुद्राच्या पाण्यात अनेक वर्षे राहिलेल्या बिडात खड्डे पडतात आणि त्यांच्या तळाशी गंजाच्या आड मिठातले क्लोराइड साठून बसते. ते नुसते वरवर चिकटलेले नसते. लोखंडाशी त्याची संयुगे तयार होतात, ओलावा मिळाला की ती फुटतात, मोकळे झालेले क्लोराइड पुन्हा नव्या लोखंडाला धरते आणि या साऱ्यात ते स्वतः खर्ची पडत नाही. तारांचा ब्रश अशा खड्ड्यांत पोहोचत नाही; उलट तो गंजालाच घासून चकचकीत करतो, आणि ती चमक बघणाऱ्याला स्वच्छ धातूसारखी भासते.

यात नागपूरच्या हवेने भर घातली. साधे मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेल्यावर ओलावा ओढून विरघळू लागते. एप्रिलमध्ये इथे दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असते आणि पहाटेही ती त्या पातळीच्या जवळ जात नाही. त्यामुळे खड्ड्यांतले मीठ कोरडे, निपचित पडून राहिले. किनाऱ्यावर हेच काम केले असते तर घासलेले लोखंड दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तांबूस दिसले असते आणि कारागीर तिथेच थांबला असता. इथे तसा इशारा मिळाला नाही. जूनच्या मध्यानंतर पाऊस आला, आर्द्रता चढली, आणि रंगाखालचे मीठ जागे झाले. इनॅमलचा पातळ थर पाण्याची वाफ अडवू शकत नाही. मीठ ती आत ओढते आणि रंग उचलला जातो.

पर्यायांचा विचार

ऑगस्टमध्ये शेडमध्येच बसून चौघांनी पर्याय मांडले. खरवडून अधिक भारी रंग जागच्या जागी मारणे हा सर्वांत सोपा मार्ग होता आणि तिघांपैकी दोघांचा कल तिकडेच होता. माझा त्याला विरोध होता, कारण रंग बदलल्याने खड्ड्यातले मीठ जात नाही. शिवाय पेटीच्या आत लपलेला कीलचा तिसरा हिस्सा आणि पिनेचे भोक कोणीही अद्याप पाहिलेले नव्हते.

नवी कील करण्याचा विचार अधिक गांभीर्याने झाला. हिंगणा एमआयडीसीत जाड पोलादी प्लेट हव्या त्या आकारात कापून मिळते आणि त्याला फार दिवस लागत नाहीत. परंतु मूळ कील सपाट नाही; तिचा छेद पुढे गोलसर आणि मागे निमुळता असा आहे आणि पाण्यातली तिची पकड त्या आकारावर अवलंबून आहे. सपाट प्लेटने होडी तरली असती, पण वाऱ्याच्या विरुद्ध तिरपी चढताना ती अधिक घसरली असती. पोलाद बिडापेक्षा थोडे जड असल्याने वजन जुळवण्याचा प्रश्नही उरलाच असता. त्याच आकाराची कील नव्याने ओतून घ्यायची तर आधी लाकडी साचा करावा लागणार होता, आणि एका नगासाठी तो खर्च मालकांना पटला नाही. कीलवर फायबरग्लासचे कापड आणि रेझिन गुंडाळून तिला बंदिस्त करावे, अशीही सूचना आली. लोखंड आणि फायबरग्लास तापमानाने सारखे फुगत नाहीत. एकदा कुठे बारीक फट पडली की पाणी आत साचते, आणि गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापत असल्यामुळे ते वेष्टन आतून फुटते. ही सूचना तिथेच सोडून देण्यात आली.

उरलेला मार्ग म्हणजे कील पूर्ण उतरवायची, तिच्यातले मीठ शक्य तेवढे बाहेर काढायचे, मग ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने खरखरीत कण मारून धातू साफ करणे) करून इपॉक्सी, म्हणजे दोन घटक मिसळून घट्ट होणारा रंग, चढवायचे. यात वेळ सर्वांत जास्त जाणार होता. एक अख्खा हंगाम हातचा जाईल हे मी स्पष्ट सांगितले, आणि मालकांनी दोन आठवडे विचार करून होकार दिला. संपूर्ण प्रकरणातला हा पहिला खरा निर्णय. त्याआधी जे घडले ते घाईच्या ओघात घडले होते.

रंगाच्या निवडीवरही चर्चा झाली. औद्योगिक वसाहतीत कोलटार इपॉक्सी सहज मिळते, स्वस्त असते आणि पाण्याखालच्या लोखंडावर ते टिकते. परंतु ज्या जलाशयात होडी जायची होती त्याचे पाणी पिण्यासाठीही वापरले जाते, आणि डांबरातली द्रव्ये अशा पाण्यात नेणे योग्य नव्हते. शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून समुद्रात वापरतात तो तांबेयुक्त रंग याच कारणाने बाद झाला. तोच रंग उघड्या लोखंडाला लागला तर तांब्यामुळे लोखंड उलट वेगाने गंजते, हे त्याला जोडून आणखी एक कारण. होडी दर वेळी ट्रेलरवर परत येणार असल्याने बुळबुळीत थर स्पंजने पुसून काढणे पुरेसे होते. अखेर पिण्याच्या पाण्याच्या टाक्यांना आतून लावतात ते इपॉक्सी निवडले.

प्रत्यक्ष काम

ऑक्टोबरमध्ये हायड्रा (चाकांवरची क्रेन) बोलावून होडी पट्ट्यांवर उचलली आणि कील खाली रचलेल्या जुन्या टायरांवर उतरवली. पिन निघता निघेना. गंजतेल टाकून दोन दिवस थांबावे लागले, आणि ती बाहेर आली तेव्हा कळले की भोक गोल राहिलेलेच नाही; वर्षानुवर्षांच्या हिसक्यांनी ते लांबट झाले होते. हे वरून रंगवून कधीच कळले नसते.

खरा धक्का मागच्या खालच्या कडेला बसला. तिथे बीड दिसायला शाबूत होते, कडही सरळ होती. सोबत असलेल्या निवृत्त फिटरने सहज स्क्रू ड्रायव्हरचे टोक लावून पाहिले तर ते मऊ साबणात जावे तसे आत गेले. निघालेला काळा चुरा त्याने माझ्या वहीच्या पानावर ओढला, आणि पेन्सिलीने ओढावी तशी राखाडी रेघ उमटली. “हे लोखंड नाही राहिलं आता, शिस्याची कांडी झाली,” तो म्हणाला. बिडात ग्रॅफाइट असतेच. खारे पाणी लोखंड तेवढे खाऊन टाकते आणि आकार तसाच ठेवून ग्रॅफाइटचा भुसभुशीत सांगाडा मागे उरतो. असा भाग मीठ धरून ठेवतो, म्हणून कठीण धातू लागेपर्यंत तो खरवडून काढला. सर्वांत खोल खड्डा ९ मिलिमीटरचा निघाला.

मीठ काढण्याची पद्धत आम्ही संग्रहालयांकडून उसनी घेतली. समुद्रातून वर काढलेल्या लोखंडी तोफा अल्कधर्मी पाण्यात दीर्घकाळ बुडवून ठेवतात. त्या पाण्यात लोखंड गंजत नाही आणि क्लोराइड हळूहळू बाहेर येते. तोफांना महिने, कधी वर्षेही लागतात. आम्ही पत्र्याचा एक लांबट हौद करून घेतला, त्यात धुण्याच्या सोड्याचे पाणी भरले आणि कील बुडवली. पाणी दर आठवड्याला बदलायचे आणि दर वेळी तपासायचे.

तपासणी एका मालकाच्या परिचयातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी केली. पाण्याचा नमुना घ्यायचा, सोडा निष्प्रभ करण्यासाठी त्यात आधी नायट्रिक आम्ल टाकायचे, मग सिल्व्हर नायट्रेटचे थेंब. क्लोराइड असेल तर दुधासारखा पांढरा गढूळपणा येतो. पहिल्या आठवड्यात परीक्षानळीतले पाणी ताकासारखे झाले. चौथ्या आठवड्यानंतरही गढूळपणा एका पातळीच्या खाली जाईना, तेव्हा आम्ही निराश झालो. प्राध्यापकांनी मात्र नळाचेच पाणी तपासले, आणि तेही जवळपास तेवढेच गढूळ झाले. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतेच, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आले नव्हते. पुढचे दोन आठवडे हौदातले पाणी बॅटरीच्या दुकानातून आणलेल्या डिस्टिल्ड वॉटरचे केले, आणि तेव्हा कुठे तुलना करता येऊ लागली.

डिसेंबरअखेर कील ब्लास्टिंगला गेली. ठेकेदाराकडे मोठ्या टाक्यांचे काम चालू होते, त्यामुळे आमचा नंबर दिवस संपताना लागे. वाळूऐवजी कॉपर स्लॅग, म्हणजे तांबे गाळताना उरलेल्या मळीचे कण, वापरला. सिलिकाच्या वाळूच्या धुळीने फुप्फुसांचा असाध्य विकार होतो आणि ठेकेदाराने ती केव्हाच बंद केली होती. पहिल्या फेरीनंतर कील सर्वत्र राखाडी, एकसारखी दिसू लागली. ठेकेदाराचे म्हणणे पडले की लगेच प्रायमर मारावा. ब्लास्टिंगनंतर त्याच पाळीत पहिला हात गेला पाहिजे हा त्याच्या धंद्याचा नियम आहे आणि एरवी मीही तेच सांगितले असते.

इथे आम्ही नियम जाणूनबुजून मोडला. एप्रिलमध्ये कोरड्या हवेने फसवले होते आणि जानेवारीची हवाही तेच करू शकत होती. म्हणून ओले गोणपाट कीलला न टेकवता चौकटीवर पसरले, वरून प्लास्टिक ओढले आणि रात्रभर तिच्याभोवती पावसाळा उभा केला. सकाळी आवरण काढले तर बहुतेक पृष्ठभाग फिकट तांबूस झाला होता, पण एका बाजूला, मधल्या पट्ट्यात, सव्वीस खड्ड्यांच्या तळाशी काळे ओले ठिपके होते, काहींवर थेंबही उभे होते. खडूने प्रत्येकाभोवती वर्तुळ केले, गरम डिस्टिल्ड वॉटर आणि नायलॉनच्या ब्रशने ते खड्डे घासले, वाळवून पुन्हा ब्लास्टिंग, पुन्हा गोणपाट. दुसऱ्या सकाळी सात ठिपके उरले, तिसऱ्या वेळी एकही नाही. चौथ्या ब्लास्टिंगनंतर तासाभरात प्रायमर लागला. तोवर फेब्रुवारी उजाडला होता, ही जमेची बाजू ठरली, कारण जानेवारीच्या थंड रात्रींत इपॉक्सी नीट पिकत नाही.

मधल्या काळात पिनेचे भोक रेडियल ड्रिलवर मोठे करून त्यात गनमेटलचा (तांबे-कथलाच्या मिश्रधातूचा) बुश, म्हणजे नळीसारखे अस्तर, बसवला आणि नवी पिन त्याला जुळवून घेतली. साधे पितळ स्वस्त पडले असते, पण पाण्यात त्यातले जस्त निघून जाऊन ते ठिसूळ होते.

खड्डे भरण्यासाठी मालकांनी मोटारींच्या डेंटिंगवाल्याकडची लांबी (पुटी) सुचवली होती. ती पॉलिएस्टरची असते आणि सतत पाण्यात राहिली तर पाणी शोषते, म्हणून इपॉक्सीचेच भरण वापरले. मग कडा आणि खड्डे ब्रशने वेगळे रंगवून घेत एकूण पाच हात दिले. एक थर रात्रभर राहिला की त्यावर तेलकट पापुद्रा येतो. तो पाण्याने धुऊन, पॉलिश पेपर मारूनच पुढचा हात दिला. जाडी मोजणाऱ्या गेजवर सपाट भागात सरासरी ४०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरली, मागच्या कडेला मात्र १८० च. धारदार कडेवरून ओला रंग मागे सरकतो, आणि ती कड आधी गोल करून घ्यायला हवी होती. रंगासाठी मी फिकट राखाडी सुचवला. मालकांना निळा हवा होता, पण फिकट रंगावर गंजाचा पहिला डाग लगेच दिसतो, हे त्यांना पटले.

निष्पत्ती

मार्चमध्ये कील परत बसवताना ती पेटीत निम्म्यावर अडकली. भरणाने एका बाजूला जवळपास तीन मिलिमीटर जाडी वाढली होती आणि पेटीची आतली रुंदी कोणीही मोजलेली नव्हती. यात मीही होतो. रंगाचे मायक्रॉन मोजणाऱ्याने मिलिमीटरकडे बघितले नाही. कील पुन्हा उतरवण्यासाठी हायड्राला पुन्हा बोलावायची कोणाची तयारी नव्हती, म्हणून पेटीच्या फटीतून पॉलिश पेपरच्या पट्ट्या सरकवून, दोन दिवस घासून ती मोकळी केली. या घासण्यात एके ठिकाणी धातू उघडा पडला. तिथे हात पोहोचत नव्हता. लांब दांडीच्या ब्रशने दोन थर लावले आणि पुढे गेलो.

होडी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पाण्यात उतरली. वारा अंगावर घेऊन तिरपी चढताना ती मुंबईच्या आठवणीतल्या होडीएवढी झुकते, असे शीड जाणणाऱ्या मालकाने सांगितले, आणि पिनेचा खडखडाट पूर्ण थांबला. त्यानंतर दोन पावसाळे गेले आहेत. सपाट भागावर एकही फोड नाही, खडूने वर्तुळे केलेल्या जागांवरही नाही. मागच्या कडेला बोटभर लांबीची गंजाची रेघ आली आहे, जिथे गेजने १८० दाखवले होते नेमकी तिथे.

काय वेगळे करता आले असते

होडी विकत घेण्याआधी कील पूर्ण खाली सोडून, पिनेत हलवून आणि कडा टोकदार हत्याराने टोचून बघितल्या असत्या, तर तासाभरात बहुतेक सगळे कळले असते आणि किमतीची घासाघीसही वेगळी झाली असती. एप्रिलचा पहिला प्रयत्न टाळता आला असता का, याविषयी माझी खात्री नाही; कोरड्या हवेत ते लोखंड खरोखरच स्वच्छ दिसत होते, आणि गेट रंगवणाऱ्या कारागिराकडून समुद्राच्या मिठाची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. त्याने आपले काम नेहमीसारखेच केले होते. मालकांनी मात्र होडी कुठून आली हे त्याला सांगितले नव्हते.

सोड्याच्या हौदात कील सहा आठवडे राहिली. ब्लास्टिंगनंतर सव्वीस ठिपके निघाले, यावरून तो काळ अपुरा होता असे दिसते; तीन महिने दिले असते तर ब्लास्टिंगच्या दोन फेऱ्या कदाचित वाचल्या असत्या. दुसऱ्या बाजूने बघता तीन महिन्यांनी रंगकाम मार्च-एप्रिलच्या उन्हात आले असते, तापलेल्या लोखंडावर इपॉक्सी डब्यातच घट्ट होऊ लागले असते, आणि ते पहाटेच्या दोन तासांत उरकावे लागले असते. मी पुन्हा करायला बसलो तर हौद जुलैतच भरेन. पावसाळ्यात नाहीतरी दुसरे काही करता येत नाही.

पेटीची रुंदी मोजणे हा दहा मिनिटांचा प्रश्न होता. भरण खड्ड्याच्या कडेशी समतल राखून जुना उंचसखलपणा थोडा तसाच ठेवला असता, तर होडीच्या वेगात जाणवण्याजोगा फरक पडला नसता. गुळगुळीत पृष्ठभागाच्या हौसेत आम्ही ते विसरलो.

आणि शेवटी ती घासलेली जागा. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पेटीच्या तोंडाशी, लांब दांडीच्या ब्रशने घाईत रंगवलेल्या ठिकाणी, रुपयाच्या नाण्याएवढा फोड आला आहे. तो अजून फोडलेला नाही. या ऑक्टोबरमध्ये हायड्रा येईल तेव्हा कील उतरवून मागची कड गोल करायची आणि त्या फोडातले पाणी आधी परीक्षानळीत घ्यायचे, असे ठरले आहे. प्राध्यापकांनी सिल्व्हर नायट्रेटची बाटली जपून ठेवली आहे.